कवळीतली तिजोरी

पैसा ठेवायला जगातली सर्वांत सुरक्षित जागा कोणती? बँक? हसवू नका! कपाट? चोर सगळ्यात आधी तेच उघडतो. स्वयंपाकघरातला डबा? तो बायको उघडते. या प्रश्नाचं खरं उत्तर अख्ख्या जगात फक्त मला सापडलं होतं, आणि ते माझ्या सासऱ्यांच्या तोंडात होतं!

थांबा, नीट सांगतो. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात आणि मी माझ्या कारखान्यात त्या मापाचे दात घडवतो. कारखाना म्हणजे भाड्याची एक खोली, एक टेबल, घासायचं यंत्र, प्लास्टरची पोती आणि फळीवर ओळीने मांडलेले जबडे. खोलीचा मालक ती विकायला निघाला होता. "घेणार असाल तर पहिला हक्क तुमचा," तो म्हणाला, "पण तीन महिन्यांनी, महिनाअखेर संध्याकाळी बयाणा हातात पाहिजे. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." मी आणि बायकोने त्या खोलीसाठीच पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते, पण थोडे कमी पडत होते. पैसे थोडे कमी पडले की माणसाला अक्कल जास्त येते. मला ती जरा जास्तच आली आणि मी सगळे पैसे क्रिप्टोत घातले.

आता क्रिप्टोवाल्या मंडळींबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. हे नाणं पुढच्या वर्षी कुठे पोचणार ते छातीठोकपणे सांगतात, आणि काल का पडलं म्हणून विचारलं की खोकला काढतात. दाढी-मिशा कोरून मोबाईलच्या पडद्यावर येतात, 'मित्रांनो' म्हणतात आणि मित्रांच्या खिशात हात घालतात. पण मी त्यांच्यातला नव्हतो. मी हुशार होतो!

"अहो, पण ते पैसे आहेत कुठे?" बायकोने विचारलं.

"फोनमध्ये."

"आणि फोन हरवला तर?"

"म्हणून तर बारा शब्द असतात! लेमन, टर्टल, ब्रिज असे काहीही बारा इंग्रजी शब्द. ते ज्याच्याकडे त्याचे पैसे. कुठल्याही फोनवर घातले की पैसे हजर."

"आणि शब्द हरवले तर?"

"तर संपलं! ना मॅनेजर, ना तक्रारवही. यालाच स्वातंत्र्य म्हणतात."

"खोलीचे पैसे आहेत ते," ती म्हणाली. "एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

शब्द ठेवायचे कुठे, हा खरा प्रश्न. पडद्यावरचा एक गुरू म्हणाला, कागदावर ठेवू नका, कागद जळतो. दुसरा म्हणाला, फोटो काढू नका, फोटो चोरतात. तिसरा म्हणाला, पोलादी पत्र्यावर कोरा आणि अंगणात पुरा! मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. पुरू कुठे, खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर?

आणि त्याच वेळी माझ्या टेबलावर सासऱ्यांची नवी कवळी तयार पडली होती.

सासऱ्यांचा उभा जन्म गोदाम सांभाळण्यात गेला. व्यापाऱ्यांचा माल आत घ्यायचा, कुलूप लावायचं आणि मालक म्हणेल तेव्हाच बाहेर काढायचा. निवृत्त झाले तरी स्वभाव गोदामाचाच राहिला. कुणाला चहा दिला तरी कप परत येईपर्यंत कपाकडेच बघतात. कवळी तर ते जिवापलीकडे जपतात. धुतात तीही मोरीचं दार लावून. रात्री झोपतात तीही तोंडात घालून. आणि मला सांगा, दुसऱ्याची कवळी कोण चोरणार? अट्टल दरोडेखोरसुद्धा हात लावणार नाही!

मी बारीक सुईने वरच्या कवळीच्या आतल्या बाजूला, जी टाळूला चिकटते तिथे, बाराच्या बारा शब्द कोरले. कागद जाळला. राख बेसिनमध्ये सोडली. त्या रात्री मला इतकी शांत झोप लागली की बायकोने दोनदा हलवून पाहिलं.

"जावईबापू, टाळूला काहीतरी टोचतंय," सासरे दुसऱ्याच दिवशी म्हणाले.

"नवी आहे बाबा. सवय होईल."

सवय झाली. तिकडे नाण्याचा भाव चढत चालला, तसा माझाही. सासऱ्यांना तर मी रोज प्रवचन द्यायचो. "बाबा, हे जुन्या डोक्यांना कळायचं नाही. हा भविष्याचा पैसा आहे!" सासरे तोंड वेंगाडून बघायचे. "दिसत नाही, हाताला लागत नाही, तो कसला माल?" ते बोलायचे तेव्हा त्यांच्या तोंडातून माझेच पैसे बोलताहेत या विचाराने मला गुदगुल्या व्हायच्या.

ठरलेली महिनाअखेर उजाडली. भाव असा काही चढला होता की बयाणाच काय, अर्धी खोली त्याच दिवशी विकत घेता आली असती! विकायचंच, असं ठरवून मी कारखान्यात आलो. एका हाताने वाडग्यात प्लास्टर कालवत होतो आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर भाव बघत होतो. भावाने आणखी एक उडी मारली. मीही मारली. फोन थेट प्लास्टरमध्ये गेला!

प्लास्टर कसलं? झटपट आवळणारं! मी स्वतःच भाव करून आणलेलं! बाहेर काढेपर्यंत फोनचा पांढरा दगड झाला होता. दुसरा कोणी असता तर छाती पिटत बसला असता. मी चक्क हसलो. एवढ्यासाठीच तर तिजोरी केली होती! बायकोचा फोन मागून घेतला आणि सासऱ्यांचं घर गाठलं.

"बाबा, कवळी द्या बघू जरा."

"का?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण शहाण्या माणसाला खरं बोलणं कमीपणाचं वाटतं. मी म्हणालो, "एक छोटासा दोष राहिलाय. काढून देतो."

"दोष?" सासऱ्यांचे डोळे बारीक झाले. "मी टोचतंय म्हणालो तेव्हा म्हणालात सवय होईल. आता सवय झाली तर म्हणता दोष आहे?"

"तसं नाही बाबा, कारागिराची नजर..."

"असं होय," ते म्हणाले. "बसा तुम्ही. चहा ठेवायला सांगतो."

मी बसलो. चहा आला, सासूबाई आल्या, सासरे काही आले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "ते कवळी दाखवायला गेलेत. पलीकडच्या रस्त्यावरच्या कवळीवाल्याकडे. म्हणाले, दोष जावयाने ठेवला, तर काढायला दुसराच माणूस बरा."

मी कप तसाच खाली ठेवला. पलीकडच्या रस्त्यावरचा कवळीवाला! त्याला मी मनातल्या मनात रंधा म्हणतो. सुताराला रंधा मिळावा तसं त्याला घासायचं यंत्र मिळालंय. हातात येईल ते घासतो. कवळी दिसली की आधी घासणार, मग विचारणार!

पळत सुटलो. त्याच्या दुकानात शिरलो तेव्हा यंत्राची घरघर नुकतीच थांबत होती. सासरे खुर्चीत बसलेले, गाल आत गेलेले. रंध्याने कवळी उजेडात धरली होती आणि तिच्याकडे प्रेमाने बघत होता.

"या या!" तो म्हणाला. "आतून फार खडबडीत होती हो. काहीतरी इंग्रजी खरडलेलं होतं. हात साफ करायला लिहिलं होतं का? सगळं काढून टाकलं बघा. आरशासारखं गुळगुळीत! त्याचे वेगळे पैसे नाही लावणार."

मी खाली बसलो. खुर्चीवर नव्हे, खालीच. खोली गेली! बायकोला काय तोंड दाखवणार?

आणि तोंड म्हटल्यावर मला आठवलं! टोचत होतं ना त्यांना? टोचतं तिथे वळ उठतो! तीन महिने अहोरात्र ती कवळी टाळूला चिकटून होती!

"बाबा, आ करा!"

ते बिचारे दोष बघणार म्हणून आ करून बसले. मी रंध्याचा दांडीचा छोटा आरसा उचलला, बॅटरी लावली आणि आत पाहिलं. देवा रे! टाळूवर बारीक अक्षरांचे वळ उठले होते. उलटे होते, पण आरशात सुलटे दिसत होते! एक ओळ लागली, लेमन! पुढे टर्टल! मी आनंदाने ओरडलो, "आहेत! सगळे आहेत!"

सासऱ्यांनी तोंड मिटलं. "काय आहेत?"

यापुढचं त्यांचं बोलणं मी दातांसकट लिहितोय. दातांशिवाय ते जसं ऐकू आलं तसं लिहिलं तर छापणारा परत पाठवेल.

मी आनंदाच्या भरात सगळं सांगून टाकलं. फोन, प्लास्टर, बारा शब्द, कवळी. सासरे म्हणाले, "म्हणजे माझ्या तोंडात तुमचा माल होता?"

"हो बाबा!"

"मला न विचारता? तीन महिने? भाडं कोण देणार?"

"देतो! हवं ते भाडं देतो! आधी आ करा."

"भाड्याचं राहू द्या. भाव काय चाललाय?"

आणि मी गाढवाने बायकोच्या फोनवर भाव दाखवला. "बघा बाबा! सकाळपासून नुसता चढतोय!"

"चढतोय?" सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. मी चोरून काही वाचू नये म्हणून! "चढत्या भावात माल बाहेर काढतो तो मूर्ख. गोदामात जन्म गेला माझा. आठवडाभर थांबा."

"बाबा, ते टाळूवरचे वळ आहेत! कवळी काढली की उतरतात! तासाभरात काही उरणार नाही!"

"गिऱ्हाईक नेहमी हेच म्हणतं," रुमालामागून आवाज आला. "माल नासेल, लवकर काढा, मिळेल त्या भावाला द्या. असले छप्पन्न बघितलेत मी."

"अहो, खरंच नासतोय!"

"सकाळी दोष आहे म्हणालात, तेही खरंच होतं का?"

मी रंध्याकडे बघितलं. म्हटलं, तू तरी सांग, तुझाही धंदा हाच आहे. रंधा म्हणाला, "वळ उतरतात खरे. पण घरगुती मामल्यात मी बोलत नाही." आणि तो दुसरी कवळी घासायला बसला!

मी हात जोडले. पाया पडलो. निम्मा हिस्सा देऊ केला, मग पाऊण. पण मी जसजसा हिस्सा वाढवत होतो तसतसा सासऱ्यांचा रुमाल घट्ट होत होता. माल फार मोलाचा असल्याशिवाय कोणी एवढा गयावया करत नाही, हे त्यांना गोदामानेच शिकवलं होतं. ज्या माणसाला काल या नाण्याचं नावही धड घेता येत नव्हतं, तो आज मला पुढच्या महिन्याचा भाव सांगत होता! आणि तोही कसा, अगदी छातीठोकपणे!

शेवटी मी निरोप धाडून बायकोला बोलावून घेतलं. ती आली, दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाली, "बाबा, रुमाल काढा. आ करा."

लेकीपुढे गोदामाचं काही चाललं नाही. सासऱ्यांनी आ केला. मी आरसा आत घातला. रंध्यानेही मान पुढे काढली. टाळू लहान बाळासारखी गुलाबी आणि गुळगुळीत! कुठे रेघ नाही, कुठे वळ नाही.

"हे बघा! हे 'ओ' आहे!" मी ओरडलो. "एक अक्षर आहे!"

रंध्याने बॅटरी जवळ नेली. "उष्णतेचा फोड आहे तो," तो म्हणाला.

बायकोने माझ्या हातातून तिचा फोन काढून घेतला, पदराने पुसला आणि घरी निघून गेली. घरी पोचलो तेव्हा ती पुढच्या खोलीत बसून होती. मला म्हणाली, "मालकाला फोन करून सांगा, आपण नाही घेत." एवढंच. मला त्या क्षणी स्वतःचीच इतकी लाज वाटली की मालकाशी बोलताना मी तोंडावर रुमाल धरला. त्याला वाटलं मला सर्दी झालीय.

माझ्या कारखान्यात आता चपलांचं दुकान आहे. माझे जबडे आणि पोती रंध्याच्या दुकानातल्या मागच्या कोपऱ्यात आहेत. त्याने भाडं माफक लावलंय आणि घासायचं काम असलं की मलाच देतो. गिऱ्हाइकांना माझी ओळख 'आमचे कलाकार' अशी करून देतो. मी मान खाली घालून घासतो.

या नाण्यांची एक गंमत आहे. खातं उघडता येत नसलं तरी त्यात किती आहेत हे साऱ्या जगाला दिसतं. मला दिसतं, तुम्हालाही दिसेल. आणि सासऱ्यांना तर दिसतंच दिसतं! त्यांनी त्यासाठी नवा फोन घेतला. रोज सकाळी फिरून येताना ते रंध्याच्या दुकानात डोकावतात, फोन माझ्या नाकासमोर धरतात आणि आमच्या पैशांचा आजचा भाव मोठ्याने वाचून दाखवतात. काल तो त्या दिवसाच्या दुप्पट झाला.

"बघा जावईबापू!" सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो, घाई करू नका? त्या दिवशी तुमचं ऐकून आ केला असता तर केवढं नुकसान झालं असतं!"

मी म्हटलं, "हो बाबा."