न मागणारे इनास सर

इनास सर देणगी मागायला निघतात तेव्हा त्यांच्या पिशवीत पावतीपुस्तक नसतं. पाना, पेचकस आणि नळाचे चार वायसर असतात.

सर वसईजवळच्या नंदाखालचे, निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पत्नी रोझी वारल्यापासून एकटेच राहतात. संस्था म्हणजे उमेळ्यातली भाड्याची एक खोली. ज्यांच्या घरात अभ्यासाला जागा नाही अशी मुलं तिथे बसतात. मीही तिथेच बसून बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली. म्हणून आता मी सचिव.

‘देणगीदार’ हा शब्द सरांना चालत नाही. “आपली माणसं म्हण! माणूस म्हणजे काय गाय आहे, दिसली की दोहायला बसायचं?” एकदा विरारच्या एका दुकानदाराकडे गेले आणि त्याचा गळका नळ दुरुस्त करून, दोन चहा पिऊन परत आले.

“सर, मागितलंत का?”

“ते राहिलं बघ. पण नळ आता एक थेंब गाळणार नाही.”

यंदा खोलीची इमारत पाडायची ठरली. मेअखेर जागा सोडायची. नवी मिळाली नाही तर मुलं घरी. मी यादी केली. वर बिल्डर, मग दुकानदार, आणि तीन वर्षांत काही न दिलेल्यांच्या नावांवर काट. सरांनी यादी उलटी धरली. “आधी काट मारलेल्यांकडे जाऊ.”

“तिथून काही मिळायचं नाही, सर.”

“म्हणूनच. तिथे दुसरं कोण जाणार?”

पहिलं नाव फिलोमिनाबायचं. उमेळ्यातच वाडीत त्या एकट्या राहतात, मुलगा परदेशात. सरांनी त्यांच्या पंख्याची घरघर थांबवली, गुडघ्याची चौकशी केली आणि निघाले. मी नुसती चुळबुळत होते. तेवढ्यात बाय दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“मास्तर, तीन वर्षं येताय, काहीतरी दुरुस्त करून जाताय. एकदा तरी मागितलंत? मी काय भिकेला लागले की मेले?”

“तसं नाही, बाय. तुम्हाला जड जाईल म्हणून...”

“जड काय ते माझं मी बघीन. बोला, काय पाहिजे?”

सर पिशवीतला पाना चाचपत राहिले. शेवटी मीच जागेचं सांगितलं.

“एवढंच ना? पुढची पडवी घ्या. नारळ ठेवलेत, ते मागे टाका. पोरांनी दंगा केला तर मात्र कान उपटीन!”

परतताना मी हवेत होते.

“चुकलंच माझं,” सर म्हणाले. “वाटायचं, न मागणं म्हणजे मान राखणं. रोझी गेल्यापासून मलाही कुणी काही मागत नाही, पोरी. मी आपणहून धावतो म्हणून हाताला कामं मिळतात. आणि मलाच हे कळू नये?”

मी म्हटलं, “सर, माझ्या बहिणीला इंग्रजी अजिबात जमत नाही. उद्यापासून तुमच्याकडे आणू? रोज शिकवावं लागेल.”

सर थांबले.

“सकाळी सातला आण,” ते म्हणाले. चार पावलं पुढे गेले आणि वळले. “साडेसहाला आणलीस तरी चालेल.”