खलाचा वाडा न उडाल्याची कैफियत

श्रीदीपयंत्र प्रसन्न. पडदा शुभ्र राहो, तिकीटखिडकीपुढील रांग अखंड राहो, मागील बाकांवरील शिट्ट्यांस खंड न पडो. शके एकोणीसशे चार, दुंदुभीनाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमीस चित्रराज्यातील खलाचा वाडा उडविण्यात आला नाही, तो आहे तेथे उभा राहिला. हे घडले नाही. दरबारी दप्तरात ऐसे काही लिहिलेले नाही, आणि जे दप्तरात नाही ते जाहले म्हणणे राजद्रोह होय, सबब वाचणाराने वरील वाक्य वाचलेच नाही असे समजावे आणि येथून आरंभ धरावा.

चित्रराज्याची पूर्वापार रीत ऐसी की, शेवटच्या रिळात खल पडला म्हणजे पाठोपाठ त्याचा वाडाही सुरुंग लावून उडवावा, आणि नायकाने ज्वाळांकडे पाठ करून चालत यावे आणि वळून पाहू नये. नायकाचे घर मात्र कोणी उडवीत नाही, तेथे आई शिवणयंत्रावर बसलेली असते. हे खलांचे वाडे बांधण्याचे काम सदोबा पांचाळ मिस्त्री यांजकडे. सदोबांनी बावीस वर्षांत छत्तीस वाडे उभे केले आणि छत्तीसही उडाले, आणि ज्यांच्या द्रव्यावर राज्य चाले त्या धनीसाहेबांनी सदतिसावा सांगितला तेव्हा सदोबा साठीस आले होते, यानंतर हत्यारे खाली ठेवणार होते. मग त्यांनी वाडा मांडिला. काय वर्णावा. आत शिरताच बेचाळीस पायऱ्यांचा जिना, आणि तो उतरण्याचाच, कारण खल नेहमी जिना उतरतो, चढताना त्यास आजवर कोणी पाहिले नाही, वर कसा पोचतो हे शास्त्रात नाही. पायथ्याशी काचेची जमीन आणि काचेखाली तळे आणि तळ्यात तीन मगरी, पैकी एक रबराची आणि दोन त्याहून स्वस्त, तरी पाहणाराचे पाय आपोआप मागे सरत. तळ्यापलीकडे फिरते सिंहासन, ते अर्धा फेरा घेई आणि मग खल दिसे. त्यामागे भिंतभर जगाचा नकाशा आणि त्यावर एकशेसोळा तांबडे दिवे लुकलुकत, ते कशाकरिता हे कोणी पुसले नाही, पुसावयास तेथे आवाजच फुटत नसे. पेंढा भरलेला वाघ, त्याचा कान पिळला की पुस्तकांचे कपाट सरके आणि मागे दुसरे कपाट निघे. छत इतके उंच की कोणी शिंकला तर शिंक वर जाऊन, विचार करून, मग परत येई. रंगारी, सुतार, झाडूवाली, जो आत येई तो चपला बाहेर काढून येई, आणि तसा हुकूम कोणी केला नव्हता.

इतके जाहल्यावर सदोबांच्या हातून एक चूक घडली. चित्रराज्यात घरास तीनच भिंती असतात, चौथीच्या जागी कॅमेरा बसतो. सदोबांनी चौथी घातली. त्याचे कारण वामनराव खांडेपारकर. हे खलाचे काम करीत, हसू लागले म्हणजे थेटरातील पोरे आईच्या पदराआड जात, परंतु घरी दोन खोल्यांत राहत आणि बायकोच्या धाकाने कपबश्या स्वतः विसळीत. ते एके दिवशी पाहणीस आले, सिंहासनावर बसून एक फेरा घेतला आणि म्हणाले, "सदोबा, वाडा झकास. पण मी जेवतो कुठं?" छत्तीस खल छत्तीस वाड्यांत उपाशी मेले हे तेव्हा त्यांच्या ध्यानी आले. मग त्यांनी सिंहासनामागे स्वैपाकघर काढिले, ओटा, मोरी, मिसळणाचा डबा, आणि स्वैपाकघरास खिडकी पाहिजे आणि खिडकीस भिंत पाहिजे म्हणून चौथी भिंत आली, आणि चार भिंती झाल्या म्हणून वर कौले आली, आणि कॅमेरा बाहेर राहिला, तो पाहुण्यासारखा दाराने आत घ्यावा लागला.

धनीसाहेब आले, चार भिंती मोजल्या आणि समजले. म्हणाले, "मिस्त्री, हा काही उडवायला बांधलेला दिसत नाही." तेव्हा सदोबांनी टोपी काढिली आणि अर्ज केला, "सरकार, यमू सासरहून यायची आहे. लेकीनं आजवर माझं एक काम उभं पाहिलं नाही. सासरे तिला विचारतात, वडील बांधतात काय? तिनं काय दाखवायचं, धूर?"

"पडद्यावर दिसतं की."

"पडद्यावर पडतानाच दिसतं, सरकार."

धनीसाहेबांनी मगरींकडे पाहत राजनीती सांगितली, "खल मेला आणि घर राहिलं, तर लोकांना वाटेल घर वाईट नव्हतं." यावर सदोबा एवढेच बोलिले की नव्हतंच. मग पुष्कळ खल होऊन ऐसे ठरले की, प्रजेस वाडा उडालेला दिसला म्हणजे पुरे, तरी सदोबांनी हुबेहूब धाकटा वाडा करावा आणि पंचमीस धनीसाहेबांच्या पाहुण्यांसमक्ष तो उडवावा, आणि तेवढे साधले नाही तर त्याच दुपारी थोरल्यास सुरुंग.

सदोबांनी धाकटा वाडा सात हातांचा केला, आणि बारूदखान्याचे दारोगा इस्माईल मियां दारूची पिशवी घेऊन आले आणि खिडकीतून आत डोकावले. आत नखाएवढ्या बेचाळीस पायऱ्या, मिसळणाच्या डब्यात खरी मोहरी. इस्माईल मियांनी पिशवी खाली ठेविली आणि म्हणाले, "मिस्त्री, इथं कोणीतरी राहतंय. मी नाही लावत." मग सदोबांनी त्याहून लहान, तुपाच्या डब्याएवढा केला, आणि तोही इतका बेतशीर उतरला की या वेळी सदोबाच आडवे आले. मग काडेपेटीएवढा केला, तो वामनराव खिशात घालून घरी घेऊन गेले आणि परत देईनात. येणेप्रमाणे पंचमी उजाडली तेव्हा हाती राहिला तो चिंचोक्याएवढा, आणि तोही दिव्यांसकट. पाहुणे खुर्च्यांवर बसले, त्यांस चहा जाहला, आणि कॅमेऱ्यास तांब्याएवढे भिंग लाविले, आणि इस्माईल मियांनी दिवाळीची उरलेली एक टिकली चिंचोक्याशी ठेवून पेटविली. टप् असा आवाज झाला. एका पाहुण्याने विचारले की सुरू कधी होणार. धनीसाहेब लाल जाहले आणि थोरल्या वाड्यास सुरुंग भरण्याचा हुकूम केला, आणि सदोबा वाड्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. तेव्हा इस्माईल मियां आडवे आले आणि म्हणाले, "सरकार, आधी फिल्म धुऊन बघा. वाडा काय, संध्याकाळीही उडेल. उडालेला मात्र परत येत नाही."

फिल्म धुतली, पडद्यावर टाकली, आणि मग जे दिसले ते सांगावयास शब्द थिटे. आधी जमीन हालली, मग छत आभाळाएवढे उचलले गेले, मग एकशेसोळा दिवे एकामागून एक विझले, आणि सगळ्यात शेवटी तो वाडा गुडघे टेकल्यागत सावकाश बसला. धनीसाहेब नकळत खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. हुकूम मागे घेतला. पुढे चित्र लागले आणि चार लाख प्रजेने श्वास रोखून वाडा उडताना पाहिला.

मग यमुनाबाई आली. बापाबरोबर तासभर दालनोदालनी फिरली, नंतर भिंतीवर बोटाने टकटक केली.

"आबा, पोकळ आहे."

"आहे. प्लायवूड आहे."

"पण उभं आहे," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून पत्ता विचारू लागली, म्हणजे सासऱ्यांस कळवावा, ते समक्ष येऊन पाहतील. पत्ता नव्हता. सदोबा दुसऱ्याच दिवशी नगरकचेरीत घरास क्रमांक मागावयास गेले. तेथील कारकून सज्जन होते, बसा म्हणाले, आणि अर्ज परत देऊन बोलिले, "मिस्त्री, हा वाडा मी स्वतः उडताना पाहिला. दोनदा. दुसऱ्यांदा मंडळींना घेऊन. नसलेल्या घराला नंबर कसा देऊ?"

तात्पर्य, सदोबांनी सदतीस वाडे बांधिले, छत्तीस उडाले, सदतिसावा उत्तम उडाला आणि उभा आहे. सबब कचेरीस विनंती विशेष की, ज्यांनी तो उडताना पाहिला त्या चार लाख असामींस नावनिशीवार बोलावून वाडा समक्ष दाखवावा, प्रत्येकाची सही अगर अंगठा घ्यावा, आणि मग नोंद दुरुस्त करून घरास क्रमांक द्यावा. एका वेळी चारांहून अधिक माणसे आत सोडू नयेत, आणि भिंतीस कोणी टेकू नये. हे विनंती.