एका युनिटात केक

"वस्तू विकत घेणं वेगळं आणि वस्तू निवडणं वेगळं," असं युनिटरावांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने ओव्हन मागून सहा वर्षं झाली होती. "विकत कुणीही घेतं. निवडायला अक्कल लागते."

ती अक्कल आपल्याकडे आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. दिवसभर दुकानादुकानांतून तराजू तपासायचे आणि संध्याकाळी घर तपासायचे. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला जिन्यातला मीटर वाचायचा, आकडा कॅलेंडरवर मांडायचा आणि मग कुठल्या खोलीत दिवा उगाच जळतोय याचा तपास सुरू करायचा, हा त्यांचा नेम. इमारतीने त्यांना युनिटराव हे नाव चिकटवलं होतं आणि त्यांनाही ते मनापासून आवडलं होतं. सगळ्या इमारतीत सर्वात कमी वीजबिल त्यांचं यायचं. ते बिल हातात घेऊन ते जिन्यात जरा जास्तच वेळ रेंगाळायचे.

समोरच्या दारात घड्याळजी राहायचे. एकटा जीव, घरात बसून घड्याळं दुरुस्त करणारा, पण बिल यायचं लग्नघराचं. बिचारे दर महिन्याला युनिटरावांकडे सल्ला मागायला येत. पहिल्या वर्षी त्यांनी गीझर काढला. मग फ्रिज विकला. मग कामाचं टेबल खिडकीशी सरकवलं, म्हणजे दिव्याशिवाय भागेल.

"साहेब, तरी बिल हटत नाही हो," ते म्हणायचे.

"कुठेतरी ढिलाई होतेय तुमची," युनिटराव म्हणायचे. "आणखी आवळा."

घड्याळजी आणखी आवळायचे. गंमत म्हणजे त्यांना शिकवता शिकवता युनिटरावांचंच बिल उतरत गेलं. दुसऱ्याला शिकवलं की आपली विद्या पक्की होते, असं युनिटराव त्यावर म्हणत.

तर ओव्हन. युनिटरावांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, केक आणि पाव करायचा भारी नाद. आजवर गॅसवर, जाड पातेल्यात, खालून करपलेला आणि वरून पांढराफटक असा केक त्या करत आल्या होत्या, आणि तरीही लोक बोटं चाटत. आता जवळच्या ग्रंथालयाच्या कॅन्टीनने त्यांना सोमवारपासून रोज दोन केक मागितले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाताची चव कुणी घराबाहेरून मागितली होती. पण कॅन्टीनवाल्याचं एकच म्हणणं होतं, केक ओव्हनमधलेच हवेत. बाई आठ दिवस त्याच विचारात होत्या. भाजी चिरताना मधेच थांबायच्या.

युनिटरावांनी त्याआधी चार महिने अभ्यास केला होता. ते दुकानात टॉर्च आणि टेप घेऊन जायचे. ओव्हनच्या दारात कागद धरून दार लावायचे आणि कागद ओढून बघायचे. कागद सहज निघाला की दार नीट बसत नाही, उष्णता पळते, ओव्हन नापास! काचा एक की दोन, तापायला किती मिनिटं, तापल्यावर वीज आपोआप तुटते की नाही, सगळं विचारायचे. शेवटी शेवटी त्यांना दुरून येताना पाहून विक्रेते जेवायला जाऊ लागले.

बाईंना दोन ट्रेचा मोठा ओव्हन हवा होता. युनिटरावांच्या मते तो वीज पिणारा राक्षस. मग एका दुकानदाराने तोडगा काढला. आठ दिवस घरी न्या, नाही पटला तर शनिवारी संध्याकाळपर्यंत परत आणा.

"ठीक आहे," युनिटराव बायकोला म्हणाले. "पण एक अट. एक केक एका युनिटात झाला पाहिजे. एक दशांश जरी वर गेला तरी ओव्हन परत. मान्य?"

"मान्य," बाई म्हणाल्या. दुसरं म्हणणार काय?

खरं तर चाचणी पहिल्याच दिवशी घेता आली असती. पण युनिटरावांना सुट्टी शनिवारची, आणि त्यांच्या गैरहजेरीत मोजलेला आकडा त्यांना चालत नव्हता. त्यामुळे शेवटच्या दिवशी चाचणी झाली. घरातला एकूण एक दिवा, पंखा, फ्रिज बंद करण्यात आला. युनिटरावांच्या आईला टीव्हीसमोरून उठवून गॅलरीत बसवण्यात आलं. युनिटराव जिन्यातल्या मीटरपाशी खुर्ची टाकून बसले. दोन्ही घरांचे मीटर तिथे एकाच पेटीत, शेजारी शेजारी. त्यांनी आपल्या मीटरचा आकडा टिपला आणि आत हाक दिली, "लाव."

बाईंनी ओव्हन लावला.

तासाभराने केकचा वास जिनाभर पसरला. युनिटरावांनी मीटर वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. एक दशांश युनिट!

"अगं," त्यांचा आवाज चक्क कापत होता, "एक दशांश. अख्ख्या तासात. हा ओव्हन नाही, साक्षात्कार आहे."

बाईंनी दारातूनच डोळे मिटले. सहा वर्षं थांबल्याचं चीज झालं असं त्यांना वाटलं. लगेच त्यांनी दुसरा केक आत सरकवला, कारण सोमवार जवळ आला होता.

आवाज ऐकून घड्याळजी बाहेर आले. युनिटरावांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि दुहेरी काचेपासून सुरुवात केली. "आणि आता हे बघा. आत ओव्हन पेटलाय आणि माझ्या मीटरचा दिवा लुकलुकतसुद्धा नाही. काका, असं यंत्र निवडायला चार महिने लागतात."

घड्याळजींचं लक्ष मात्र पेटीतल्या दुसऱ्या मीटरवर होतं. त्याचा लाल दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "मी आत्ता मेन स्विच पाडून आलोय. घरात काहीही चालू नाही. मग माझा मीटर का पळतोय?"

"गळती," युनिटराव तत्काळ म्हणाले. "भिंतीत वीज मुरतेय. तरी मी म्हणत होतो, तुमचं बिल हटत का नाही."

तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, "अहो, जरा बंद करतेय हं, ट्रे तिरका बसलाय."

लाल दिवा थांबला.

"बसला नीट," बाई म्हणाल्या. "लावला."

लाल दिवा पळू लागला.

घड्याळजींचा जन्म बारीक चाकं एकमेकांना कशी फिरवतात हे पाहण्यात गेला होता. त्यांनी मान तिरकी केली. "वहिनी, एकदा बंद करा बरं." थांबला. "लावा." पळाला.

"योगायोग," युनिटराव म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

"अरे, झाली का तुझी चाचणी?" गॅलरीतून आई कंटाळून आत आली. "मी टीव्ही लावते." लाल दिव्याचा वेग वाढला. "आणि ती शेकायची उशी पण लावते. बसून बसून कंबर धरली." आणखी वाढला.

"शेकायची उशी? आई, ती आपल्याकडे कधीपासून आहे?"

"आठ वर्षं झाली. तू सहाला यायच्या आत काढून ठेवते मी."

मग बाईंनाही राहवलं नाही. दुपारचा गीझर, पाव फुगवायला पिठाशेजारी ठेवायचा हीटर, उन्हाळ्यात दिवसभर चालणारा कूलर, सगळं एकेक करत बाहेर आलं. "बिल कधीच जास्त येईना," त्या म्हणाल्या, "म्हणून मला वाटलं, आपलं घरच गुणी आहे."

युनिटराव भिंतीला टेकले. दहा वर्षं त्यांच्या घराची वीज घड्याळजींच्या मीटरवर पडत होती आणि घड्याळजींची त्यांच्या. ज्या बिलाच्या जोरावर ते इमारतीला शहाणपण शिकवत होते, ते त्या एकट्या म्हाताऱ्याने थंड पाण्याने अंघोळ करून कमावलेलं होतं.

"पण तारा उलट्या जोडल्या कुणी?" बाईंनी विचारलं.

घड्याळजी जरा संकोचले. "दहा वर्षांपूर्वी जिना रंगवला होता ना, तेव्हा सगळ्या तारा काढून पुन्हा बसवल्या. वायरमन म्हणत होता, साहेब, उलटं होतंय. पण साहेब स्वतः उभे होते. म्हणाले, मोजमापातलं मला शिकवू नकोस."

युनिटरावांना खरोखर शरम वाटली. घड्याळजींच्या उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. खिडकीशी सरकवलेलं टेबल, रिकामी फ्रिजची जागा, छताला एकच बल्ब. हे सगळं आपण आवळायला लावलं, हे त्यांना आता स्वच्छ दिसलं आणि त्यांनी मान खाली घातली.

पण स्वभाव कुठे जातो? मान खाली घातल्या घातल्या त्यांची नजर घड्याळजींच्या मीटरवर गेली. "सुरुवातीचा आकडा ठाऊक आहे का काका?"

"टिपलाय. तुम्ही 'लाव' म्हणालात तेव्हाचा आणि मी बाहेर आलो तेव्हाचाही. तुमच्याकडूनच शिकलो." घड्याळजींनी खिशातून चिठ्ठी काढली. पहिल्या केकला एक युनिट आणि तीन दशांश लागले होते.

"अट एका युनिटाची होती," युनिटराव पुटपुटले आणि ओव्हनच्या खोक्याकडे वळले. "मोजमाप म्हणजे मोजमाप. दुकान सातला बंद होतं."

बाई खोक्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "दहा वर्षं तुम्ही दुसऱ्याचा मीटर वाचत होतात," त्या म्हणाल्या. "तेवढा अनुभव असलेल्या माणसाने आज मोजमापाचं नाव काढू नये. सोमवारी माझे दोन केक जाणार आहेत. ओव्हन इथेच राहील."

युनिटरावांनी खोकं सोडलं. आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

मग चौघांनी पहिला केक खाल्ला. खाली करपलेला नव्हता, वर पांढराफटक नव्हता. बाईंनी स्वतःचा तुकडा बराच वेळ नुसता हातात धरून पाहिला. युनिटरावांनी वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, बुधवारच्या आत जमणार नाही, आणि या वेळी साहेब घरी नसतील तर बरं.

"काका, माझं चुकलं," युनिटराव म्हणाले. "गेल्या दहा वर्षांचं कसं भरून काढू, तुम्हीच सांगा."

"ते बघू हो निवांत." घड्याळजींनी दुसरा तुकडा संपवला, बोटं पुसली आणि उठले. "म्हणजे बुधवारपर्यंत माझ्या घरात जे चालेल ते तुमच्याच मीटरवर पडणार?"

"हो, पडणार."

घड्याळजी समोर गेले. मेन स्विच चढवल्याचा आवाज आला. दिवा लागला, पंखा लागला, रेडिओ लागला. पाच मिनिटांत ते चप्पल घालून, हातात पिशवी घेऊन पुन्हा दारात उभे.

"दुकान सातला बंद होतं म्हणालात ना? मीही एक ओव्हन आणतो. तुमचा चार महिन्यांचा अभ्यास आहे, साहेब, तर जरा सांगा," ते अतिशय नम्रपणे म्हणाले. "सर्वात जास्त वीज खाणारा कुठला?"

युनिटरावांनी बरोबर तोच सांगितला. विषय त्यांच्या अभ्यासाचा होता, चुकीचं सांगणं त्यांच्याच्याने होईना.