जावयासाठी ज्वारीचे धोंडे

मोहनरावांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता, दूध संस्था आणि जावई. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली, गायी-म्हशी आटल्या आणि संस्थेनं लिंबागणेशच्या अलीकडच्या माळावर चारा छावणी उघडली. संस्थेत दूध उरलं नव्हतं, पण अध्यक्ष उरले होते. जावई मुंजाजीराव मात्र अमेरिकेत होते आणि तिकडून आटल्याची काही खबर नव्हती.

"आमच्या जावयाला अमेरिकेनं सोता बोलावून नेलंय," छावणीच्या ताडपत्रीखाली खुर्ची टाकून मोहनराव सांगत. "अर्ज न्हाई, ईनंत्या न्हाई."

अर्ज होता, चांगला जाडजूड होता. पण मोहनरावांच्या गोष्टीत त्याला जागा नव्हती.

आता तिकडं वारं फिरलं होतं. बाहेरून आलेल्यांनी आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या, अशी भाषणं तिथं होऊ लागली होती आणि नियम आवळले होते. मुंजाजीरावांना मुंबईतल्या अमेरिकेच्या कचेरीत मुलाखत देऊन पासपोर्टवर नवा शिक्का घ्यायचा होता. शिक्का मिळाला नाही तर परतीचा रस्ता बंद. त्याच फेरीत अधिक महिन्याचे धोंडेही खाऊन जाऊ, असा बेत लेकीनं, वैजयंतानं आखला होता.

हे कळल्यापासून मोहनराव अमेरिकेवर संतापले होते. "काय जमाना आलाय. मानसाकडं बघावं, कामाकडं बघावं. पोटासाठी आलेल्या मानसाला कुनी कागद मागतं का?"

छावणीचा कारकून बंकट रजिस्टरातून मान वर काढून म्हणाला, "अध्यक्ष, ती आष्टीच्या कड्याकडची सरूबाई परत आलीय."

"कागद आनला का?"

"रेशनकार्ड हाय. पन तिच्या गावाचं."

"मंग न्हाई. आपला ठराव हाय, बारा गावं म्हंजी बारा गावं. आज तिला आत घेतलं तर उद्या समदा आष्टी तालुका इथं येऊन बसंल."

बंकटनं मान परत रजिस्टरात घातली. तो पगारी माणूस होता.

सरूबाईच्या गावाकडं छावणी उघडली नव्हती. नवरा पुण्याकडं कामाला. दोन बैल आणि एक गाय घेऊन ती बाई तीन दिवस चालून आली होती, आणि चार महिने राहायच्या तयारीनं बैलगाडीत चूल, भांडी, जातं, सगळा संसार भरून आली होती. तो संसार आता छावणीच्या तारेबाहेर बाभळीखाली उतरला होता. तारेच्या आत बारा गावांची जनावरं रवंथ करत आणि बाहेर तिची तीन बघत उभी राहत.

इकडं घरात वेगळाच पेच पडला. वैजयंतानं फोनवर आईला, चतुराबाईंना, बजावलं होतं, "गव्हात जो चिकटपणा असतो ना, तो ह्यांना विषासारखा आहे. चिमूटभरसुद्धा नको. रवा, मैदा, शेवया काही नको. हिंगसुद्धा डबीवरचं वाचून घे, त्यात गव्हाचं पीठ असतं."

"हिंगात गहू?" चतुराबाईंचा त्या डबीवरचा तीस वर्षांचा विश्वास उडाला.

बरं, महिना अधिकाचा. जावयाला नारायण मानून पाटावर बसवायचं आणि पुरण भरलेले धोंडे वाढायचे. धोंडे गव्हाच्या कणकेचे. जगात असा जावई कोणी पाहिला होता का, ज्याला धोंडाच चालत नाही?

"त्यात काय एवढं," मोहनराव म्हणाले. "ज्वारीचे करू. ज्वारीत तुमचा तो चिकटपना नसतो. अमेरिकेला आत्ता समजलंय, आपुन जल्मापासून भाकरी खातोय."

ज्वारी घेऊन ते गिरणीवर गेले. गिरणीवाला राधाकिशन प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "अध्यक्ष, सकाळधरनं गहूच दळतोय. दगडात ऱ्हातो तो. दोन पायल्या ज्वारी वाया घालवली तरी समदा निघल असं छातीवर हात ठिवून सांगत न्हाई मी."

मार्ग चतुराबाईंनी काढला. बाभळीखाली सरूबाईचं जातं त्यांनी पाहिलं होतं. त्या गेल्या आणि विचारलं. सरूबाई हसून म्हणाली, "बाई, ह्या जात्यानं गहू बघितलाच न्हाई. आमच्याकडं कुठला गहू?" आणि तिनं बसल्या बैठकीला पायलीभर ज्वारी वस्त्रगाळ करून दिली. वर म्हणाली, "जावई येत्यात ना, मंग मोप धोंडे होऊ द्या."

"आता तरी तिला दावण द्या," चतुराबाई घरी येऊन म्हणाल्या.

"बघू. मीटिंगमधी घेतो," मोहनराव म्हणाले. संस्थेच्या भाषेत याचा अर्थ नाही असा होतो, हे चतुराबाईंना लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

धोंड्याचा दिवस उजाडला. मोहनरावांनी संचालक मंडळही जेवायला बोलावलं होतं, कारण जावई एकट्यानं बघायची वस्तू नव्हे. त्यात उपाध्यक्ष आबासाहेब होते. दोघांचं पंधरा वर्षं पटलं नव्हतं आणि त्यामुळंच संस्थेचा कारभार चोख होता.

मंडळी अंगणात मांडवाखाली टेकली. चतुराबाई आणि वैजयंता जावयाला ओवाळायला बाहेर गेल्या. किती शिजलं ते बघावं म्हणून मोहनराव स्वयंपाकघरात शिरले. या खोलीत ते एरवी डोकं घालत ते फक्त चहा उशिरा झाला तर. त्यांनी भांड्यावरचं झाकण उचललं. ज्वारीचे धोंडे वाफेवर फुटले होते. पुरण इकडं, पारी तिकडं, मधे पिवळा चिखल.

मोहनरावांना पुढचं सगळं दिसलं. आबासाहेब बोटानं चिखल ढवळणार, काही बोलणार नाहीत, आणि उद्या सकाळी बारा गावांत बोलतील. अध्यक्षानं अमेरिकेच्या जावयाला दुष्काळात ज्वारीचा लगदा घातला.

परातीत अजून उकड शिल्लक होती. कोपऱ्यात घरच्या माणसांसाठी गव्हाच्या पिठाचा डबा होता. पीठ सांधायला थोडा चिकटपणा हवा, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. दोन मुठींनी काय होतंय? हे गव्हाचं खूळ तिकडच्या डॉक्टरांचं. आपल्या गावी घाटनांदूरला हाच जावई लहानपणी पोळ्या खाऊनच वाढला ना? त्यांनी दाराकडं बघितलं, दोन मुठी पीठ परातीत टाकलं आणि बाह्या सरसावून मळलं. सदुसष्ट वर्षांत प्रथमच मळत होते, आणि मळलं मात्र झकास.

चतुराबाई आत आल्या तेव्हा नवे धोंडे वाफेवर होते, गुळगुळीत, एकही फुटलेला नाही.

"अगंबाई, हे कसं जमलं?"

"हाताला गुन असावा लागतो," मोहनराव म्हणाले.

जेवण रंगलं. मुंजाजीराव आधी घाबरत घाबरत खात होते. सात वर्षांत बाहेर कुठं निवांत जेवलो नाही, म्हणाले. तिकडं हॉटेलात आधी वेटरला, मग आचाऱ्याला विचारायचं आणि तरी पहिला घास भीत भीतच घ्यायचा. "इथं विचारावं लागत नाही मामा, आपलंच घर," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरा धोंडा घेतला. मोहनरावांनी त्यांना थांबवायला हात पुढं केला. पण आबासाहेब बघत होते, म्हणून त्यांनी आग्रह करून तिसरा वाढला, आणि चौथाही. आबासाहेबांनी स्वतः आठ खाल्ले आणि कबूल केलं, "धोंडा झालाय बाकी लोण्यावानी."

मंडळी मांडवातच लवंडली. दोन तासांनी मुंजाजीरावांचा चेहरा पांढरा पडला. ते उठून परसात गेले, आले, टेकले आणि परत गेले. आठवड्यातून दोनदा टँकर येणाऱ्या गावात जावयानं संध्याकाळपर्यंत रांजण तळाला नेला. मुंबईची मुलाखत परवा होती आणि बस उद्या सकाळी.

"गहू गेलाय पोटात," वैजयंता रडवेली होऊन म्हणाली. "आई, पीठ कुठून आणलं होतंस?"

चतुराबाईंनी जात्याचं सांगितलं. आबासाहेब उठून बसले. "कोन, ती तारेबाहेरची? मंग तिथंच घान हाय. कुठनं कुठनं फिरून आलेली मानसं, जात्यात काय काय दळलं आसंल."

सगळ्यांनी मोहनरावांकडं बघितलं. खरं बोलायला एवढा एकच क्षण होता. मोहनराव म्हणाले, "आसंल बाबा."

बंकट गेला आणि सरूबाईला घेऊन आला. अध्यक्षांनी बोलावलंय म्हटल्यावर ती आशेनं धावत आली होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड, सरपंचाचं पत्र, जनावरांच्या लसीच्या पावत्या. अंगणात येऊन ती पिशवी उघडू लागली आणि मग तिला कळलं की विचारणा जात्याची आहे.

"माझ्या जात्यात गहू?" तिनं एवढंच विचारलं आणि ती मोहनरावांकडं बघत राहिली. खाटेवरून मुंजाजीराव त्या पिशवीकडं बघत होते. त्यांच्या उशाला तशीच एक पिशवी होती, मुंबईला न्यायच्या कागदांची. मोहनरावांची मान वर होईना. जमीन दुभंगावी असं वाटलं, पण ती दुष्काळात आधीच फुटेल तेवढी फुटली होती.

जावई परत परसात गेले. आता सांगायचंच, असं ठरवून मोहनराव पाठोपाठ निघाले. पण घाईत चपला सापडेनात. त्या मिळवून ते परसात पोचले तेव्हा संडासाचं दार बंद होतं. त्यांनी हळूच कडी वाजवली.

"मुंजाजीराव, तुमी आतच ऱ्हावा. तोंडावर बोलायला मला जमायचं न्हाई."

आतून "हूं" आलं.

"गहू मी टाकलाय. दोन मुठी. त्या बाईचं जातं निर्मळ हाय. धोंडे फुटत हुते, अन् तो आबासाहेब म्होरं बसलेला. जल्मभर माझी उणीदुणी काढनारं बेनं ते. त्याच्यापुढं हासं नको म्हनून टाकला. तुमाला विष घातलं अन् नाव त्या बाईवर जाऊ दिलं. मला लाज वाटतीय बगा."

"हूं," आतून आलं. मग कडी निघाली आणि तांब्या घेऊन आबासाहेब बाहेर आले. आठ धोंडे त्यांनाही झेपले नव्हते. जावई केव्हाच मागच्या दारानं घरातून खाटेवर परतले होते.

आबासाहेब शांतपणे म्हणाले, "अध्यक्ष, हातावर पानी टाका."

मोहनरावांनी पाणी टाकलं. आबासाहेबांनी सावकाश हात धुतले, पंच्याला पुसले. "आता हेच समद्याम्होरं एकदा बोला. मी बोललो तर लोक म्हनतील, बेनं उणीदुणी काढतंय."

मोहनराव अंगणात आले आणि बोलले. एरवी अर्धा तास बोलणारा माणूस चार वाक्यांत संपला. चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला. वैजयंता बापाकडं बघेना. मुंजाजीराव उशीवर रेलून म्हणाले, "मामा, दोन मुठींनी मी मरत नाही. दोन दिवस लोळीन, उठीन. पण मावशींचं नाव आलं तेव्हा तुम्ही..." त्यांनी वाक्य पुरं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मोहनरावांना वाटलं.

सरूबाई पिशवीला गाठ मारत म्हणाली, "मंग मी जाऊ का?"

"जनावरं आत घ्या, बाई," मोहनराव म्हणाले.

"अन् कागद?"

"ऱ्हाऊ द्या."

सरूबाईनं सकाळी सगळ्यांआधी उठून मुंजाजीरावांसाठी भाकरीचं पीठ दळून दिलं. ती शिदोरी घेऊन ते मुंबईला गेले. तिसऱ्या दिवशी वैजयंताचा फोन आला. मुलाखत झाली, पण शिक्का नाही. कागद ठेवून घेतलेत, कळवू म्हणालेत. कधी, ते सांगितलं नाही. मोहनरावांना अमेरिकेला एक सणसणीत शिवी द्यायची होती. ती तोंडापर्यंत आली आणि तिथंच थांबली. त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मंडळाची सभा होती. बारा गावांबाहेरच्या जनावरांना दावण द्यायची तर जुना ठराव बदलायला हवा आणि बदलाला कारण हवं. बंकट पेन उघडून बसला. "कारन काय लिहू?"

"दुष्काळाची तीव्रता लिही," मोहनराव पुटपुटले.

"ती पयल्या ठरावाच्या टायमालाबी हुती," आबासाहेब म्हणाले. "प्रोसिडिंगात खरं असावं."

बंकटनं लिहिलं आणि रिवाजाप्रमाणे उभं राहून मोठ्यानं वाचलं, "मा. अध्यक्षांनी जावयाच्या धोंड्यात दोन मुठी गव्हाचं पीठ टाकून त्याचा आळ श्रीमती सरूबाई यांच्यावर जाऊ दिल्यामुळे, यापुढे छावणीत येणाऱ्या कोणत्याही जनावराच्या मालकाचं गाव विचारू नये, असा ठराव करण्यात येत आहे. सूचक आबासाहेब, अनुमोदक संचालक सर्जेराव. ठराव सर्वानुमते मंजूर."

त्यानं वही अध्यक्षांपुढं सरकवली. मोहनरावांनी सही केली. सहीखाली संस्थेचा शिक्का लागतो. तो बंकटनं मारला, जरा जोरातच.