चाळीस शेअरचे सभासद

निरवांगीत सकाळी भेटलेला माणूस समोरच्याला तीनच गोष्टी विचारतो. पाण्याची पाळी कधी आहे, लाईट किती वाजता येणार आणि डाळिंबाला काल काय भाव निघाला. आमचे भानुतात्या चौथी विचारतात. "काय रं बीएस्सी, पेशंट किती भरलं?"

नवख्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्यानं गावात दवाखाना काढलाय. तसं काही नाही. तात्यांकडे मुंबईच्या एका औषध कंपनीचे चाळीस शेअर आहेत. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण ते छापून आलं तर तात्या त्याची कात्रणं कंपनीलाच पाठवतील. ही कंपनी अजून एकही गोळी विकत नाही. कंपवातावरचं, म्हणजे हात थरथरतात त्या रोगावरचं, एकच औषध ती तयार करते आहे आणि ते रोग्यांवर तपासून बघण्याचा दुसरा टप्पा चालू होता तेव्हाची ही गोष्ट. तात्या तिला 'आपली कंपनी' म्हणतात आणि स्वतःला तिचे सभासद.

मी बीएस्सी कसा झालो ते आधी सांगून टाकतो, कारण ते सांगायची मला हौस आहे. माझे वडील दुसऱ्याच्या बागेत छाटणीला जायचे, आई खुरपायला. रेशनपासून सोसायटीपर्यंत सगळीकडे वडिलांचा अंगठा चालायचा. अंगठ्याची शाई ते डोक्याच्या केसांना पुसायचे, त्यामुळं रेशन मिळालं की नाही हे आई त्यांच्या डोक्याकडं बघून ओळखायची. दोन भाकरी आणि मिरचीचा खर्डा बांधून मी एसटीच्या पासावर बारामतीला गेलो आणि रसायनशास्त्रात पदवी घेतली. आमच्या घरात सही करणारा मी पहिला. आता बारामतीत दुधाच्या लॅबमध्ये कामाला आहे. सुट्टीला गावी आलो की तात्या मला धरतात.

"ये हिकडं. आपल्या कंपनीचं काय आलंय ते वाच."

"तात्या, जेवून येतो."

"मग गावानं शिकवला कशाला तुला?"

मला शिकवण्यासाठी गावानं काडीही हलवलेली नाही. तात्यांनी तर मी अकरावीत असताना, "शिकून तरी लोकाचंच दूध मोजनार ह्यो," असं पारावर जाहीर केलं होतं. ते खरं निघालं, ही गोष्ट वेगळी.

शेअरची सुरुवातही माझ्याच गळ्यात पडली. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी त्यांनी एसटीचं तिकीट उलटं करून माझ्यापुढं धरलं. मागं इंग्रजी अक्षरं होती, एकेक चित्र काढावं तशी काढलेली.

"ह्या कंपनीचं सभासद व्हायचंय."

मी मोबाइलवर बघितलं. "तात्या, ही तोट्यातली कंपनी आहे."

"मग कारखाना काय फायद्यात व्हता व्हय? तरी व्हतोच की सभासद."

दोन शेरडं विकून त्यांनी शेअर घेतले. आणि तिथंच त्यांची जन्माची सवय आडवी आली. तात्या चाळीस वर्षं साखर कारखान्याचे सभासद. सभासद म्हणजे मालक, मालकानं प्रश्न विचारायचा, आणि दिवाळीला सवलतीची साखर घ्यायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. पहिल्याच दिवाळीला त्यांनी माझ्याकडून कंपनीला पत्र लिहून घेतलं: 'सभासदांना साखर देत नसाल तर गोळ्यांची पाकिटं द्यावीत. आम्ही गरजूला देऊ.' कंपनीनं इंग्रजीत कळवलं की आपल्या गुंतवणुकीबद्दल आम्ही आभारी आहोत. तात्यांनी ते उत्तर घडी करून टोपीत ठेवलं आणि म्हणाले, "आभार कुनी मागितलं व्हतं?"

दर तिमाहीला अहवाल यायचा. कंपनी तोट्यात आहे हे सांगायला त्या लोकांना छत्तीस पानं लागतात. आमच्या सोसायटीचा सचिव हेच काम एका खोकल्यात करतो. मी इंग्रजी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. 'उत्साहवर्धक कल दिसत आहेत' असं काही आलं की तात्या हात वर करत.

"थांब. कुनाला उत्साह आला? पेशंटला का एमडीला?"

एमडीचा, म्हणजे कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाचा, पगार वाचून झाला की ते विचारत, "ह्यो सोता गोळ्या खातो का?"

औषधाचे टप्पे मी त्यांना उसावरून समजावले. पहिला टप्पा म्हणजे बेणं तपासायचं, दुसरा म्हणजे थोड्या रानात लागण, तिसरा म्हणजे शिवारभर. हे त्यांना पटलं. रोग्यांच्या भरतीला ते 'नोंद' म्हणू लागले आणि गोठ्याच्या पत्र्यावर खडूनं नोंदीचा आकडा लिहू लागले. पण निम्म्या रोग्यांना खरी गोळी देतात आणि निम्म्यांना नुसती पांढरी, औषध नसलेली, आणि कुणाला कुठली ते डॉक्टरलाही सांगत नाहीत, हे ऐकल्यावर ते उठून उभेच राहिले.

"म्हंजे निम्म्यांचा ऊस तोडायचा आन निम्म्यांचा उभा ठिवायचा?"

"तात्या, त्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही."

"उभ्या ऊसवाल्याला इचारलं का कुनी?"

"विचारतात. सही घेतात त्याची."

सही म्हटल्यावर तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच पांढऱ्या गोळ्या वाटत होतो. मग म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले. म्हशीनं नुकतंच पाणी प्यायलेलं होतं.

मधे एकदा शेअरचा भाव दुप्पट झाला. पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला, विकून टाका. पारावरची मंडळी आली, तात्या, विका. तात्या म्हणाले, "भाव व्यापाऱ्यानं बघावा. सभासदानं गाळप बघावं." पुढच्या महिन्यात भाव पहिल्यापेक्षाही खाली गेला. पारावर आठ दिवस करमणूक झाली. तात्यांना भाव किती उतरला हे विचारलं तर सांगता येत नव्हतं. नोंद किती झाली ते मात्र तोंडपाठ.

हे सगळं कमी म्हणून की काय, तात्यांचा दुसरा उद्योग म्हणजे कोर्ट. धाकट्या भावाशी, हरिनानांशी, त्यांची बांधावरच्या चिंचेवरून इंदापूरच्या कोर्टात केस आहे. तात्या वादी, नाना प्रतिवादी. ती चिंच मधल्या काळात वाळून गेली. केस हिरवीगार आहे. दोघं भाऊ बोलत नाहीत, पण तारखेला एकाच एसटीनं जातात. नाना पुढं बसतात, तात्या त्यांच्या मागच्या सीटवर. एकदा नानांना यायला उशीर झाला तर तात्या दारात पाय देऊन उभे राहिले.

कंडक्टर म्हणाला, "आजोबा, चला की आत."

"थांबा जरा. समोरची पार्टी यायचीय. ती न्हाय आली तर मी जाऊन काय करू?"

नाना तीनेक वर्षं दर महिन्याला पुण्याला जात होते. तात्यांनीच गावभर सांगून ठेवलं होतं की नानानं पुण्याचा भारी वकील लावलाय. "इरोधी पार्टी तयारीत हाय," असं ते अभिमानानं सांगत. मीही विश्वास ठेवला. नाना हात उपरण्याखाली घेऊन बसायचे. ते थंडीमुळं, असं मला वाटायचं. आता उन्हाळ्यात थंडी कुठली, हे एका पदवीधराला सुचायला हवं होतं.

मग तो अहवाल आला. पान उलटता उलटता मी थांबलो. शिल्लक पैसे जेमतेम आठ महिने पुरतील, असं कंपनीनं लिहिलं होतं. दुसरा टप्पा संपायला वर्ष लागणार होतं.

"म्हंजे?" तात्यांनी विचारलं.

"म्हणजे नवीन पैसे उभे राहिले नाहीत तर काम मधेच थांबेल."

"आन पेशंट?"

"त्याबद्दल यात काही नाही."

तात्यांनी छत्तीस पानं माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली. खरंच काही नव्हतं. त्या दिवशी पत्र्यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही. नुसता खडू हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "सर्वसाधारण सभा कधी हाय? मला बोलायचंय."

सभा मोबाइलवर होती. मी सुट्टी टाकून आलो आणि बोलणाऱ्यांत त्यांचं नाव नोंदवलं. तात्यांनी कारखान्याच्या सभेला घालायचा पांढरा शर्ट घातला, टोपी घातली, छातीला बिल्ला लावला. बिल्ला कारखान्याचाच होता. डाळिंबाच्या क्रेटवर मोबाइल टेकवून आम्ही बसलो. पडद्यावर कोट घातलेले अध्यक्ष कागद वाचत होते. आमच्याकडच्या सभेत एकेका विषयाला 'मंजूर, मंजूर' असा पुकारा होतो. इथं सगळं शांत. त्यामुळं तात्यांना चेव आला. अध्यक्षांनी एकेक ठराव मांडला की ते ओरडत, "नामंजूर."

"तात्या, आपला आवाज बंद आहे. त्यांना ऐकू जात नाही."

"कारखान्यात तरी कुठं जायचा?"

मला धास्ती होती ती त्यांच्या पाळीची. हे आता दिवाळीची साखर काढणार, नाहीतर एमडीला गोळी खायला लावणार, आणि क्रेटमागं मी दिसणार. आमच्याआधी बोललेल्या सगळ्यांनी लाभांश, बोनस, भाव हेच विचारलं. मग तात्यांचं नाव पुकारलं. मी आवाज चालू केला. तात्या उभे राहिले, त्यामुळं पडद्यावर फक्त त्यांचा बिल्ला दिसू लागला.

"अध्यक्ष म्हाराज. मी चाळीस शेअरचा सभासद, निरवांगी, तालुका इंदापूर. मला पैसं नकोत. माझ्या केसमधला प्रतिवादी तुमच्या गोळ्या खातोय. पुण्याला त्याची नोंद हाय. त्याला खरी गोळी हाय का पांढरी, मला ठाव न्हाय, त्याला बी ठाव न्हाय. पन त्याचा हात आता भाकरी मोडतो. तुमचं पैसं संपलं तर तुमी हिशेब करून मोकळं व्हाल. त्यानं काय करायचं, एवढंच सांगा."

पलीकडं कुणी तरी घसा साफ केला. अध्यक्षांनी शेजारी बघितलं. शेजारच्या बाई, कंपनीच्या सचिव, मराठीत बोलल्या. "काका, ज्यांची भरती झाली आहे त्यांना हा टप्पा पूर्ण होईपर्यंत गोळ्या मिळतील. त्याची रक्कम वेगळी ठेवली आहे. बाकी काही झालं तरी तिला हात लागणार नाही."

"आन त्याच्या म्होरं?"

"पुढचं आज सांगता येत नाही. खोटं कशाला सांगू."

"सांगता येत न्हाय हे बी लिवा. आन आधी सांगितलं ते प्रोसिडिंगला घ्या."

"घेते, काका."

"वाचून दावा."

इतिवृत्तात लिहिलेलं त्यांनी खरंच वाचून दाखवलं. मग तात्या खाली बसले आणि बिल्ला काढून खिशात टाकला. सभा पुढं चालूच होती. उरलेले ठराव बिनविरोध मंजूर झाले.

मी विचारलं, "तात्या, कंपनीचं नाव तुम्हाला कुठं मिळालं होतं?"

"त्याच्या फायलीवर व्हतं. एसटीत मांडीवर घिऊन बसला व्हता. मागनं उतरून घेतलं." मग ते म्हणाले, "तू कुनाला बोलू नगंस. त्याला आवडत न्हाय लोकांनी हात बघितलेला."

मग खाली बघत त्यांनी उरलेलं सांगितलं. चार वर्षांपूर्वी कोर्टात नानांनी एका कागदावर सही केली होती. ती वेडीवाकडी होती. तात्यांनी भर कोर्टात हरकत घेतली, ही सही बोगस हाय, ही माझ्या भावाची न्हवंच. जजसाहेबांनी नानांना समोर बोलावून सही करायला लावलं. पाच वेळा. पाची सह्या पाच तऱ्हेच्या आल्या आणि सहाव्या वेळी पेन खाली पडलं.

"मी उचलून द्यायला वाकलो," तात्या म्हणाले, "तर त्यो म्हनला, ऱ्हाऊ दे दादा." मग ते एकदम माझ्यावर खेकसले. "बघतोस काय? सही नीट आली न्हाय तर केस चालनार कशी? एकट्यानं भांडता येतं व्हय?"

मी मोबाइल बंद केला.

पुढं कंपनीला कुठून तरी पैसे मिळाले. शेअरचा भाव होता तिथंच लोळत राहिला. पुढच्या तारखेला मीही इंदापूरला गेलो, काम काहीच नव्हतं. कोर्टात कारकुनानं नानांपुढं कागद सरकवला. नानांनी उपरण्याखालून हात काढला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि सही केली. अक्षरं मोठी आली, पण सगळी एका ओळीत. तात्यांनी चष्मा लावून ती सही पार तिच्या खालच्या रेघेपर्यंत बघितली.

वकिलानं विचारलं, "काही हरकत, तात्या?"

"हरकत न्हाय."

परतीच्या एसटीत नाना पुढं बसले, तात्या मागं.

गेल्या महिन्यात अहवाल आला. मी वाचला, तात्यांनी पत्र्यावर लिहून घेतला. दुसरा टप्पा पूर्ण झाला. नोंद झालेल्या एकाचीही गोळी मधे बंद पडली नाही. बांधाची केस चालू आहे.