रविवारची बस आणि आमचं नको-नको

एकतीस वर्षं मी मिनेसोटातल्या आमच्या भागातल्या शाळांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बनवलं. हिमवादळं आली, पूल वाहून गेला, एकदा तर अख्ख्या गोठ्यातल्या गाई सुटून रस्त्यावर ठाण मांडून बसल्या, पण या वर्लिन टॉलेफसनची बस कधी चुकली नाही. त्यामुळे अलास्काच्या जहाजावर माझ्या मेहुण्यानं, ड्वेननं, प्रत्येक बंदरावरची सहल जहाजाच्या ऑफिसातूनच घेतली, तेव्हा मला त्याची कीव आली.

"ड्वेन, जुनोच्या हिमनदीपर्यंत गावची साधी बस जाते. तोच बर्फ आहे, वेगळा नाही."

"जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, वर्लिन. तुझ्यासाठी कोण थांबणार?"

"मी उशीर करतच नाही!"

हे वाक्य मी जेवणाच्या टेबलावर अकरा माणसांसमोर बोललो. अकराच्या अकरा माणसांना ते अजून पाठ आहे.

माझी बायको लव्हॉन मात्र यात कुणाच्याच बाजूनं नव्हती. तिला जुनोचं काही पडलेलं नव्हतं. तिचा सगळा जीव होता दुसऱ्या दिवसावर. दुसऱ्या दिवशी आमचं जहाज ग्लेशियर बे नावाच्या, हिमनद्यांनी वेढलेल्या खाडीत शिरणार होतं. ऑगस्टच्या पानावर त्या खाडीचा फोटो असलेलं कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात अठरा वर्षं लटकतंय, आणि अठरा वर्षं ऑगस्ट महिनाच चालू आहे. आमच्याकडे डॉक्टर बदलले, दोन कुत्री म्हातारी होऊन गेली, पण त्या पानाला हात लावायची कुणाची टाप नाही. या प्रवासाला आम्ही निघालो ते त्या एका दिवसासाठी.

जुनोला उतरलो. बस मिळाली, पुढे अर्धा तास चालत गेलो, हिमनदी पाहिली. पावाच्या जुन्या पिशवीत बांधून आणलेली हॅमची सँडविचेस खाल्ली, दोन मागे ठेवली. परतीची बस पावणेतीनची. साडेचारला जहाजाची शिडी उचलणार. मी हाताशी एक तास राखून ठेवला होता. दोन चाळीसला आम्ही थांब्यावर हजर.

पावणेतीन झाले. तीन झाले. बसचा पत्ता नाही. मी पुन्हा एकदा खांबावरचा कागद वाचला.

"लव्हॉन, आज वार कोणता?"

"रविवार. आज चर्चला गेलो नाही, हे मला सकाळपासून खुपतंय."

आता तुम्हीच सांगा, शाळेची बस रविवारी धावते का? एकतीस वर्षांत माझ्या कागदावर रविवार नावाचा वारच नव्हता. माझ्या हिशेबी आठवडा शुक्रवारी संपतो आणि थेट सोमवारी उगवतो. इथं मात्र रविवारच्या बसगाड्या निम्म्याच होत्या. एक अडीचला निघून गेली होती. पुढची आम्हाला बंदरावर सोडणार पावणेपाचला. टॅक्सीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आज बंदरात चार जहाजं आहेत, तासाभरानं बघू.

एवढ्यात एक ट्रक थांबला. दाढीवाला माणूस, काच खाली करून म्हणाला, "जहाजावर का? बसा, मी तिकडेच चाललोय."

इथं आमची रीत सांगायला हवी. मिनेसोटात कुणी काही देऊ केलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच. तिसऱ्यांदा आग्रह झाला, की "बरं बाई, तुमचा एवढा आग्रहच आहे तर" म्हणून घ्यायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस आमच्याकडे एक तर तापानं फणफणलेला असतो, नाही तर शेजारच्या आयोवा राज्यातला.

"नको नको," मी म्हणालो, "तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"बरं," तो म्हणाला आणि निघून गेला.

माझं दुसरं 'नको' तोंडातच राहिलं.

"गेला की हा," लव्हॉन म्हणाली.

"निदान एकदा तरी परत विचारायचं!"

"हो ना. वळण म्हणून काही आहे की नाही."

पाऊस सुरू झाला. तीन वीसला एका म्हाताऱ्या बाईंनी व्हॅन थांबवली. मागच्या सीटवर दोन ओली कुत्री. त्या म्हणाल्या, "बंदरावर सोडू?" लव्हॉननं माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. म्हणजे नको म्हणू नकोस. मी समजलो आणि नको म्हणालोच नाही. मी म्हणालो, "तुमच्या वाटेवर असेल तरच हं."

बाईंनी खरोखर विचार केला. अगदी मनापासून.

"नाही हो, वाटेवर नाही माझ्या," त्या म्हणाल्या. "पण विचारलंत, बरं वाटलं. आजकाल एवढा विचार कोण करतं."

आणि गेल्या. कुत्री मागच्या काचेतून बराच वेळ आमच्याकडे बघत होती.

"आता तू तोंड उघडायचं नाहीस," लव्हॉन म्हणाली. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात हा आवाज मी दोनदाच ऐकला होता.

चार वाजायला दहा मिनिटं होती. एक निळी गाडी बाजूला थांबली. लव्हॉननं मागचं दार उघडलं, आत बसली आणि मला ओढलं. चालवणारी बाई काच पुसायला थांबली होती. हातातलं फडकं तसंच धरून ती वळली.

"तुम्ही कोण?"

"आमचं जहाज चुकतंय," लव्हॉन म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "उद्या ग्लेशियर बे आहे."

"मग पट्टे लावा," ती म्हणाली. तिचं नाव कॉरिन, इस्पितळात नर्स होती. दुसऱ्या कुणी एवढ्या वेगानं गाडी हाकली असती तर मी तक्रार केली असती. चार वाजून सतरा मिनिटांनी आम्ही धक्क्यावर. शिडी जागेवर होती. तेरा मिनिटं हातात होती. मी लव्हॉनकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. जिंकलो होतो.

आणि लव्हॉननं दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली. "चला मग, निघावं."

आमच्याकडे ही निघण्याची सुरुवात असते. यानंतर निघत नाहीत. यानंतर यजमानाच्या आईची चौकशी करतात. कॉरिनच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. लव्हॉनच्या आईचंही झालं होतं, दोन्ही बाजूंचं. मग लव्हॉननं उरलेली सँडविचेस पुढे केली. कॉरिननं पहिल्याच खेपेला "द्या" म्हणून घेतली, तेव्हा लव्हॉन क्षणभर गोंधळली. मग तिला हॅम भाजायची कृती सांगणं आलं. मी ओढून काढायचं होतं बायकोला, कबूल. पण मीही उतरून काचेशी वाकलो आणि इथल्या पावसाबद्दल चार वाक्यं बोललो. ज्या बाईनं एवढं केलं, तिला तसंच सोडून पळणं बरं दिसतं का?

भोंगा झाला तेव्हा चार पस्तीस झाले होते.

आम्ही धावलो. सगळ्या मजल्यांवरून लोक कठड्याशी येऊन टाळ्या वाजवत होते. हा जहाजावरच्यांचा आवडता खेळ आहे. आदल्या दिवशी मीही एका जोडप्यासाठी वाजवल्या होत्या. शिडी आत गेली होती. दोर सुटला. आमच्या आणि जहाजाच्या मधे आधी हातभर पाणी होतं, मग पुरुषभर. ड्वेन वरून हात हलवत होता. त्याच्या सहलीची बस तीन मिनिटं उशिरा आली होती. तिच्यासाठी थांबले होते.

जहाजवाल्यांनी आमच्या खोलीतून काढून मागे ठेवलेलं पासपोर्ट आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट धक्क्यावरच्या माणसानं हातात दिलं. परवा विमानानं पुढच्या बंदरावर जाऊन जहाज गाठा, म्हणाला.

"आणि उद्या?" लव्हॉननं विचारलं.

"उद्या ते खाडीत असेल. तिथं कुणाला मधेच चढता येत नाही."

"असं होय," ती म्हणाली. मला वाटलं, पाण्यात उडी टाकावी. पण पोहता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मोटेलच्या पलंगावर बसून आम्ही ड्वेननं पाठवलेले फोटो पाहिले. चौऱ्याण्णव फोटो. ऊन लख्ख पडलेलं. प्रत्येक फोटोत ड्वेन पुढे उभा. लव्हॉन एकेक फोटो शांतपणे सरकवत होती. मला ते सहन होईना.

"लव्हॉन, सगळी चूक माझी आहे."

असं म्हटलं, की आमच्याकडे समोरच्यानं "छे, तुझी कसली चूक" म्हणायचं असतं. मग आपण "नाही नाही, माझीच" म्हणायचं. मग पुन्हा "छे". आमच्या घरात याला कधी खंड पडलेला नाही. शिवाय शेवटची अठरा मिनिटं कुणाची होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी वाट पाहत बसलो.

लव्हॉननं एक फोटो बोटांनी मोठा केला आणि ड्वेनच्या कानामागचा बर्फ बराच वेळ पाहिला.

"हो," ती म्हणाली.