दोन गोरखचिंचा आणि एक साक्ष यांची बखर

॥ श्री ॥ मुळे ज्यांची पाताळी आणि डोई ज्यांची आभाळी, त्या थोर वृक्षांस आधी नमन, मग ज्यांनी त्यांस मन भरून पाहिले त्यांस नमन, आणि ज्यांस ठाऊक असोन ज्यांनी तोंड मिटिले त्यांचे वर्तमान खाली लिहिले आहे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मासी, शाळेच्या पटांगणी भर सभेत प्रश्न पडला तो ऐसा: "साहेब, आमच्या घरामागची दोन झाडं तुमच्या कचेरीपेक्षा म्हातारी आहेत. त्यांचं वय तुम्हाला ठाऊक आहे का?"

प्रश्न पुसणार जुईली साळगावकर, इयत्ता नववी, उंचीने आखूड आणि आवाजाने खणखणीत. गतवर्षापावेतो ही हजेरी देई ती शेजारच्या बाकासही ऐकू न जाई, मग दिवाळीत काय वारे अंगात शिरले न कळे, आणि वर्गात हात वर जाऊ लागला तो खाली येण्याचे नाव घेईना. मसलत देणार दोघी सख्या, अल्फिया मुकादम आणि रेवती घाग. वृक्षखात्याचे निमकर साहेब शाळेत रोप लावावयास आले होते, तेव्हा अल्फियाने कोपर मारून सांगितले, "विचारून दाखव. नाही विचारलंस तर आजपासून तुझं नाव गोगलगाय." रेवती म्हणाली, "ती कसली विचारते." इतके पुरे जाहले. जुईली उठली आणि विचारिती जाहली, आणि सारे पटांगण हासले, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून परत घातला, मग साहेबही हासले आणि बोलिले, "नाही बुवा ठाऊक. येतो एकदा, दाखव की."

आता ती झाडे ज्या सोसायटीच्या राज्यात उभी ते राज्य कैसे, तर तीन इमारती, एक दरवाजा, दरवाज्यावर एक पहारेकरी तोही बहुधा मोबाइलात. नाव लिहिण्याचे कारण नाही. राज्याचे सेक्रेटरी जुईलीचे तीर्थरूप अनंतराव. पिछाडीस दोन गोरखचिंचा उभ्या, थोरली आणि धाकटी. कोण्या काळी कोण्या खलाशाने बी आणिले म्हणतात. बुंधे ऐसे की हत्ती बसावा आणि उठावयाचे विसरावा, साल राखाडी, गुळगुळीत, जागोजाग घड्या पडलेली. राज्यात चाल ऐसी की संक्रांतीचे दिवशी मुलींनी हातांत हात गुंफून झाडांस कव घालावी आणि किती जणी लागल्या ते मोजावे. थोरलीस नऊ लागत, धाकटीस सात, आणि कव पुरी जाहली की ज्या दोघींचे हात शेवटी मिळत त्यांस तिळगूळ दुप्पट. जुईलीस त्या झाडांचे बहुत वेड. शाळेतून आली की दप्तर न उतरविता आधी मागे जाऊन मान वर करून उभी राही, आणि आई खिडकीतून म्हणे, "पाहून झालं असेल तर वर या महाराणी, पोहे गार होतायत." चौथीपासून तिने वही राखिली होती. पान कधी गळाले, फूल कधी आले, ते फूल पांढरे, वाटीएवढे, उलटे लोंबणारे, सकाळी पाहावे तो तपकिरी होऊन भुईवर, ऐसे सर्व तारीखवार लिहिले होते.

मग आठवे दिवशी साहेबांची स्वारी आली. टेप धरणारे दोघे, फोटो काढणारा एक, कागद सांभाळणारी एक, आणि राज्यातील यच्चयावत रयत गच्चीवर आणि जिन्यात. टेप फिरली, थोरली बेचाळीस फूट भरली. साहेब बोलिले, "बाप रे. चारशे वर्षांची तरी असेल." हे ऐकोन जुईलीचे पाय भुईस ठरेनात, जैसे ती चारशे वर्षे तिचीच. मग साहेबांनी बुंध्यावर मुठीने ठोकिले आणि आतून डफासारखा आवाज आला, आणि दुसरे अंगास ठोकिले आणि तोच आवाज आला, आणि साहेबांनी भुवया आकसून वर पाहिले तो फांद्या उघड्या, एक पान म्हणून नाही. त्यांनी पुसले, "पान कधीपासून नाही?" सारी रयत एकमेकांकडे पाहू लागली, कोणास ठाऊक नाही. तेव्हा जुईली पुढे सरली आणि बोलिली, "तुळशीच्या लग्नापासून एकही नाही, साहेब. माझ्याकडे लिहिलेलं आहे." वही उघडून ते पान दाखविले. साहेब म्हणाले, "शाब्बास. आमच्या खात्यात असं कुणी लिहीत नाही." फोटो काढणाराने त्या एका पानाचा फोटो घेतला, मग पान हाती धरलेल्या जुईलीचा घेतला, आणि अल्फियाने मागून दोन बोटांची शिंगे केली तीही त्यात आली. त्या पानाच्या अलीकडे पाच वर्षांची पाने होती. दर वर्षी दिवाळीमागे झडते आणि ज्येष्ठात नवी पालवी फुटते, पाच बोटांची, पोपटी, ऐसे पाच वेळा तिच्याच अक्षरात लिहिले होते. साहेबांनी ते पुसले नाही. आणि जुईलीने ते सांगितले नाही. ठाऊक नव्हते ऐसे नाही, विसरली ऐसेही नाही. बोलणे पुढे न्यावे तो साहेबांनी पाठ थोपटिली आणि त्या थापेखाली ते वाक्य राहोन गेले.

फाल्गुनात थोरलीच्या अंगावर कागद डकविला गेला. वठलेले, आतून पोकळ, जीवितास धोका, सबब तोडणे, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळविणे. आणि मजकुरात ऐसे की स्थानिक रहिवासी कु. जुईली साळगावकर यांच्या नोंदीवरून झाड मृत असल्याचे दिसते. रेवती म्हणाली, "सरकारी कागदावर तुझं नाव. आमच्या आख्ख्या खानदानात कुणाचं नाही." मग तिघींनी कागदाशेजारी उभे राहोन फोटो काढिला. जुईलीने 'मृत' हा शब्द दोनदा वाचिला, आणि मनास समजाविले की साहेब शिकलेले, त्यांस कळत असेल. पाचवे दिवशी शाळेने तिला वृक्षमित्र म्हणोन प्रशस्तिपत्र दिले. सातवे दिवशी वक्तृत्वाची लढाई होती, मोबाइल शाप की वरदान, तीत दुसरा क्रमांक आला, आणि सातवा दिवस गेला.

आठवे दिवशी करवती आल्या. एका दिवसाचे काम म्हणोन आले ते तीन दिवस खपले, कारण की बुंध्यातून काथ्यासारखे तंतू निघत आणि करवतीच्या दातांत अडकत, आणि कापल्या जागेतून पाणी गळे, ते मातीत उतरून चिखल जाहला. टोळीचे म्होरके रहिमतचाचा, दाढी पांढरी, हाताची बोटे साडेचार. ते चिखलात उभे राहोन तंतू पिळीत होते. जुईली जवळ गेली तेव्हा बोलिले, "पोरी, मेलेल्या झाडात इतकं पाणी असतं का? हे निजलं होतं. आमच्या बंदराकडं पण एक आहे. पोटात पोकळी, आत चार बकऱ्या मावतात, तरी पाऊस आला की पान धरतं. इथं रोज बघणारं कुणीच नव्हतं का?" जी सभेत साहेबांस वय पुसती जाहली ती चिखलातून पाय उचलोन मागे सरली. चाचांनी करवत पुसली आणि परत लाविली, कारण की हुकूम होता, आणि सांजेपावेतो थोरली आडवी जाहली, आणि तिच्या जागी इतका उजेड पडला की तीन नंबर इमारतीच्या लोकांस पडदे लावावे लागले.

पुढे चैत्र लागला, शक पालटला, आणि धाकटीवर कागद लागला. मजकूर तोच, दिवस तितकेच, नाव तेच. जुईली रोज शाळेतून येऊन तिच्यापुढे उभी राही, परंतु मान वर करवेना. अल्फियाने सांगितले, "आता हरकत घेतलीस तर ते प्रशस्तिपत्र परत मागतील. सगळी शाळा हसेल." रेवती म्हणाली, "राहू दे ना. कुणाला माहितीये तुला ठाऊक होतं ते?" हे दुसरे बोलणे जुईलीस अधिक लागले.

येणेप्रमाणे एक झाड होते ते गेले, तोडणारांस हुकूम होता, हुकूम करणारांस कागद होता, आणि कागदास एका मुलीची अर्धी साक्ष होती. वाईट कोणी नव्हते. इतके वर्तमान. पुढे सहावे दिवशी जेवणाचे ताटावर जे बोलणे जाहले ते ऐसे. जुईलीने वही मांडीवर घेऊन सर्व सांगितले, आदिपासोन, थापेखाली राहिल्या वाक्यासहित. आई म्हणाली, "तुला कुणी दोष दिलाय का? आणि परवा गणित आहे." अनंतराव बोलिले, "अगं, पोकळ आहे ते. खाली पोरं खेळतात. पडलं तर सोसायटी कुणाला उत्तर देणार? तोडायच्या संमतीवर मी सही केली ती भीतीनं केली, हौसेनं नाही."

"ठाऊक आहे, बाबा. कुंपण घाला म्हणून मी लिहिणार आहे. फांद्या जड असतील तर त्या उतरवा."

"पण तू अजून अठराची नाहीस, अज्ञान आहेस, जुई. कायद्यानं तुझी हरकत धरणार नाहीत."

जुईली ताटावरचा हात थांबवून खालच्या आवाजात बोलिली, "माझी साक्ष धरली तेव्हा कुणी वय विचारलं नव्हतं. उद्या पेपर सुटला की मी कचेरीत जाते. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही, असं लिहून देणार, खाली नाव घालून. तुमची सही तुम्ही ठेवा, बाबा. माझी माझ्या कागदावर असेल."